थंडीतले प्रयोग सुचवा, पण बर्फ न पडणाऱ्या गावातले (वय ५ आणि ८)

सानूची_आई, नाशिक

नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात नाताळची सुट्टी लागतेय, लेक ८ वर्षांची, मुलगा ५ चा, आणि बिल्डिंगमधली चार-पाच पोरं दिवसभर आमच्याच हॉलमध्ये असतात. मागच्या वर्षी सगळी सुट्टी मोबाइलवर गेली म्हणून यंदा ठरवलंय की रोज सकाळी एक तरी प्रयोग घरी करायचा, थंडीशी संबंधित. पण नेटवर शोधलं की येतं ते सगळं स्नोचं. स्नो भांड्यात भरून आणा, स्नोमॅन वितळायला किती वेळ लागतो बघा, खिडकीवरचं फ्रॉस्ट भिंगातून बघा. आमच्याकडे थंडी चांगली पडते, पहाटे स्वेटरशिवाय बाहेर पडवत नाही, पण स्नो कुठून आणू.

एक केला मी, खायचा सोडा आणि केसांचं कंडिशनर मळून खोटा बर्फ. पोरांनी दहा मिनिटं गोळे केले, मग लेक म्हणाली आई हा थंड का नाहीये, आणि तिथेच तिचा इंटरेस्ट संपला. त्याच दिवशी आंघोळीच्या आधी खोबरेल तेलाची बाटली उलटी धरून ती मला विचारते की हे थिजलं मग शेंगदाण्याचं तेल का नाही थिजलं. तो प्रश्न मला त्या खोट्या बर्फापेक्षा कितीतरी जास्त आवडला पण उत्तर देता आलं नाही.

तर असलं काहीतरी सांगा, आपल्या थंडीतलं, घरात असतं त्यातून होणारं. गॅसपाशी जायचं असेल ते मी करीन, पण पाच वर्षांच्यालाही हात लावता आला पाहिजे. आणि प्लीज असं का होतं तेही सोप्या शब्दात लिहा, माझं शिक्षण कॉमर्सचं आहे.

शाळेच्या_बाई, सांगली

अगं, तुझ्या लेकीनं प्रयोग आधीच सुरू केलाय, तू फक्त वाट्या मांड. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होते आणि आमचा थंडीचा पहिला धडा दर वर्षी खोबरेल तेलाचाच असायचा, कारण घरोघरी बाटली थिजलेलीच असायची. चार वाट्या घे, एकीत खोबरेल, दुसरीत शेंगदाण्याचं, तिसरीत तिळाचं, चौथीत वितळवलेलं साजूक तूप, दोन-दोन चमचे पुरे. रात्री ओट्यावर झाकून ठेव आणि झोपायच्या आधी प्रत्येकाकडून वदवून घे की सकाळी कुठलं थिजलेलं असेल. हे विसरू नकोस, अंदाज एकदा बोलून दाखवला की मूल दात घासायच्या आधी वाट्या बघायला धावतं.

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गेलं की थिजायला लागतं, तूपही घट्ट होईल, बाकीची दोन वाहतीच राहतील. मग त्या दोन वाट्या फ्रीजमध्ये ठेव, फ्रीजरमध्ये नको, खालच्या कप्प्यात. शेंगदाण्याचं गढूळ आणि जाडसर होतं, तिळाचं तरीही पातळच राहतं. का, तर तेल म्हणजे बारीक लांब साखळ्यांचा गोतावळा असतो असं समज. खोबरेलातल्या बहुतेक साखळ्या सरळसोट, त्या प्रार्थनेच्या रांगेसारख्या चटकन चिकटून उभ्या राहतात. शेंगदाणा आणि तिळाच्या तेलातल्या बऱ्याच साखळ्यांना मध्येच बाक असतो, मग रांग नीट लागत नाही, ती लागायला जास्त थंडी पडावी लागते. मी वर्गात मुलांनाच उभं करायचे, आधी हात अंगाला चिकटवून आणि मग कोपरं बाहेर काढून, एका फरशीवर किती मावतात मोजा म्हणायचे. पाच वर्षांच्यालाही कळतं ते.

आणि आता जे सांगते ते मोठ्या मुलीसाठी राखून ठेव. बर्फाच्या ट्रेमध्ये एका खणात पाणी, एकात खोबरेल घालून गोठव. पाण्याचा खडा पाण्यात टाक, तरंगेल. खोबरेलाचा खडा पातळ खोबरेलात टाक, सरळ तळाला जातो. मुलं तोंडाकडे बघत राहतात कारण बर्फ तरंगतो म्हणजे गोठलेलं सगळंच तरंगणार असं त्यांनी धरून ठेवलेलं असतं. खरं तर तेलाचं वागणं नेहमीचं आहे, बहुतेक पदार्थ गोठले की आकसतात आणि जड पडतात. पाणी गोठताना फुगतं, ते वेगळं. म्हणून थंड देशात तळ्याचा वरचा थर गोठतो आणि खाली मासे जिवंत राहतात.

बाकीचं रात्री लिहिते, नातवाला आणायला जायचंय.

निखिल_डोंबिवली

बाईंनी सांगितलेला बुडणारा खडा आत्ताच करून बघितला, खरंच बुडतो. चाळिशीत पहिल्यांदा बघितला हा प्रकार. फक्त आमच्याकडे खोबरेल बाहेर थिजतच नाही, फ्रीजमध्येच ठेवावं लागलं.

मीठमिरची, मुंबई

दही लावा. थंडीत दही लागत नाही ही तक्रार घरोघरी असते तोच प्रयोग. एकाच पातेल्यातलं कोमट दूध, एकच विरजण, तीन वाट्या. एक ओट्यावर उघडी, एक शालीत गुंडाळून कॅसरोलमध्ये, एक फ्रीजमध्ये. सकाळी चमचा उभा करून बघायचा. फ्रीजमधलं दूध दूधच राहतं. विरजणातले जिवाणू आपल्यासारखेच, त्यांना ऊब मिळाली तर काम करतात, गारठ्यात गप्प बसतात पण मरत नाहीत, तीच फ्रीजमधली वाटी बाहेर काढून ऊबेत ठेवली की दुसऱ्या दिवशी लागते. हे दाखवायला विसरू नका, माझ्या मुलाला तेच सगळ्यात आवडलं होतं.

स्वेटरवर फुगा घासून वीज साठवायचे प्रयोग मात्र मुंबईत करू नका, हवेत इतकी ओल असते की वीज साठतच नाही. नाशिकला कोरडी थंडी असेल तर मस्त होतील. कोरड्या केसात प्लास्टिकचा कंगवा फिरवून नळाच्या बारीक धारेजवळ न्या, धार वाकते.

शाळेच्या_बाई, सांगली

आले परत. मीठमिरचीनं शाल म्हटलं त्यावरून गोधडीचा सांगते, हा माझा सगळ्यात लाडका. दोन सारखे बर्फाचे खडे, दोन सारख्या वाट्या, एक तशीच ठेवायची, दुसरी जाड गोधडीत सगळीकडून गुंडाळायची. मुलांना विचार कुठला आधी वितळेल. दहातली नऊ मुलं सांगतात गोधडीतला, कारण गोधडी गरम असते ना बाई. मग थांबायचं, अजिबात उत्तर द्यायचं नाही. बाहेरचा वितळून पाणी झालं तरी गोधडीतला शाबूत सापडतो. गोधडी स्वतः गरम नसतेच, ती फक्त इकडची ऊब तिकडे जाऊ देत नाही, आपण आत असलो तर आपली ऊब आत ठेवते आणि बर्फ आत असला तर बाहेरची ऊब बाहेर. बर्फवाले लाद्या गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात का ठेवायचे हेही तिथेच सांगून टाक.

आता तुला फ्रॉस्ट हवंय ना, ते घरात करता येतं. दर थंडीत पेपरात येतं बघ, महाबळेश्वरला वेण्णा लेकला दवबिंदू गोठले म्हणून, तेच. स्टीलचा डबा घे, उंच आणि पातळ पत्र्याचा, काचेचा ग्लास नको. बर्फ कपड्यात गुंडाळून लाटण्यानं ठेचून भर, वर जाडं मीठ टाक, अंदाजे तीन वाट्या बर्फाला एक वाटी मीठ, आणि लांब चमच्यानं ढवळ. आधी डब्याला बाहेरून थेंब येतील, थोड्या वेळानं तेच पांढरे व्हायला लागतील. पूर्वी मे महिन्यात घरी आईस्क्रीमचा पॉट आणायचे तेव्हा बर्फात मूठ-मूठ जाडं मीठ टाकत हँडल फिरवायचो, ते मीठ यासाठीच. नुसता वितळता बर्फ शून्याच्या खाली जात नाही. मीठ पडलं की वितळलेल्या पाण्याला परत गोठता येत नाही, म्हणून बर्फ वितळतच सुटतो, आणि वितळायला लागणारी ऊब तो आजूबाजूला मिळेल तिथून ओढून घेतो, डब्यातून, हवेतून. अगदी नेमकं प्रमाण जमलं तर उणे २१ पर्यंत जाऊ शकतं, घरी १०-१५ खाली गेलं तरी पुष्कळ.

आणि म्हणूनच कळकळीनं सांगते, ते मीठ-बर्फ मुलांच्या हातात द्यायचं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलानं पैज म्हणून मुठीत धरून ठेवलं होतं आणि तळव्याला भाजल्यासारखा फोड आला, मी फळ्याकडे वळले होते तेवढ्यात. तेव्हापासून डबा मी स्वतः धरते आणि मुलं एक हात लांबून बघतात. ताप बघायचा थर्मामीटरही त्यात घालू नकोस, तो त्यासाठी नसतो.

सानूची_आई, नाशिक

बाई तुम्ही किती मनापासून लिहिलंय, आजच वाट्या मांडते. सगळ्यांनाच थँक्यू.

द्राक्षवाला, निफाड

ताई तुम्ही नाशिकच्या म्हणून लिहितो. आमच्याकडे पारा ५-६ वर आला की पोरांसाठी तो प्रयोग असतो पण आमची झोप उडते. पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि ड्रिप चालू करावं लागतं. पहाटे पाणी का सोडतात हे शहरातल्या माणसांना विचारलं तर सांगता येत नाही, थंडीत अजून गार करताय का असं वाटतं. विहिरीचं पाणी जमिनीच्या पोटातलं, ते वर्षभर जवळपास एकसारखंच असतं, बाहेर ५ अंश असताना ते पाणी कोमट लागतं, वाफ निघताना दिसते. तुमच्या बिल्डिंगला बोअर असेल तर सकाळी सहाला पोरांना एक हात बोअरच्या ताज्या पाण्यात आणि एक हात गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात घालायला लावा. आणि तोच प्रयोग मे महिन्याच्या दुपारी परत करा, तेव्हा तेच बोअरचं पाणी गार लागेल. पाणी तेच, आपला हात फसतो.

दुसरं म्हणजे शेकोटीचा धूर. थंडीच्या पहाटे धूर सरळ वर जात नाही, डोक्याच्या वर थोडा चढतो आणि आडवा पसरून तिथेच राहतो, गावावर चादर घातल्यासारखी. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार झालेली असते, गार हवा जड म्हणून ती खालीच बसते, आणि धूर थोडा चढून निवला की वरच्या ऊबदार हवेपेक्षा जड पडतो, म्हणून तिथेच अडकतो. माझ्या मुलीच्या शाळेत हे ग्लासात करून दाखवलं होतं. दोन सारखे काचेचे ग्लास, एकात गार पाणी निळं केलेलं, दुसऱ्यात गरम पाणी लाल केलेलं, दोन्ही काठोकाठ. गरम ग्लासावर जुनी लग्नपत्रिका दाबून धरायची, उलटा करून गार ग्लासावर बरोबर ठेवायचा आणि पत्रिका हळूच ओढायची. लाल वर, निळं खाली, मिसळतच नाही, बराच वेळ तसंच राहतं. मग उलट करायचं, गार वर आणि गरम खाली, पत्रिका ओढताक्षणी सगळं जांभळं. खाली परात ठेवा, पहिल्या वेळी सांडणारच.

युरियाचंही सांगतो पण हे मोठ्यांनीच करायचं. फवारणीसाठी बादलीत युरिया ढवळला की बादली बाहेरून गार पडते, दमट दिवस असला तर बादलीला घाम येतो. विरघळताना तो पाण्यातली ऊब घेतो. पोरांनी फक्त बादलीला बाहेरून हात लावून बघायचा, आणि ते पाणी नंतर झाडांना घालताना आणखी भरपूर पाणी मिसळा.

स्नेहल_टोरांटो

मी स्नोवाल्या गावातली, म्हणून दोन शब्द. इथेही मुलांना सगळ्यात जास्त आश्चर्य स्नो वितळल्यावर वाटतं. ताजा भुसभुशीत स्नो ग्लासभर घ्या आणि घरात ठेवा, तळाला जेमतेम दोन बोटं पाणी उरतं, बाकी सगळी हवा. माझा मुलगा चार वर्षांचा असताना कोणीतरी पाणी प्यायलं म्हणून रडला होता, मग आम्ही दुसरा ग्लास घेऊन समोर बसून राहिलो आणि पूर्ण वितळेपर्यंत त्यानं नजर हलवली नाही.

साबणाचा फुगा गोठवणं मात्र तुम्हाला नाशिकलाही जमेल. भांड्याचा लिक्विड साबण, पाणी आणि चमचाभर साखर, हे मिश्रण आधी फ्रीजमध्ये गार करा. स्टीलची ताटली त्याच पाण्यानं ओली करून स्ट्रॉनं तिच्यावर अर्धा फुगा फुगवा आणि अलगद फ्रीजरमध्ये सरकवा. पहिले चार-पाच फुटतील. एखादा टिकला तर थोड्या वेळानं त्याच्यावर पिसांसारखी नक्षी दिसते, बोट लावलं की अंड्याच्या कवचासारखा खचतो. इथे आम्ही उणे १२-१५ ला, वारा नसेल तेव्हा बाल्कनीत करतो.

मिठावरून आठवलं, इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात ते याच कारणानं, पण उणे १५-२० झालं की साधं मीठ जवळपास निकामी होतं, मग वाळू टाकतात म्हणजे निदान पाय घसरत नाहीत.

आणि व्हिडिओत उकळतं पाणी हवेत फेकून त्याचा धूर करतात ना, ते बघून कृपा करून कोणी करू नका, इथे दर हिवाळ्यात माणसं त्यात भाजतात.

काठी_आणि_सावली, पुणे

एक प्रयोग असा सांगतो ज्याला सुट्टीभर रोज दोन मिनिटं लागतात. गच्चीत एक मीटरची काठी कुंडीत सरळ उभी करा, ओळंब्यानं तपासा, दोऱ्याला किल्ली बांधली तरी चालतं. दुपारी बारा तेहेतीस-पस्तीसच्या सुमाराला सावली मोजा. बाराला नाही, आपलं घड्याळ देशाच्या मधल्या रेषेवर चालतं आणि नाशिक-पुणे त्या रेषेच्या बरंच पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्याकडे अर्धा तास उशिरा माथ्याच्या जवळ येतो. २२ डिसेंबरला नाशिकला ती सावली साधारण ९५ सेंटिमीटर भरेल, म्हणजे काठीएवढीच जवळपास. वर्षातली सगळ्यात लांब. तीच १४ जानेवारीला मोजा, ८८ च्या आसपास येईल, आणि वेळही तोवर दहा मिनिटं पुढे सरकलेली असेल, बारा चव्वेचाळीस वगैरे.

हे मुद्दाम सांगतोय कारण आजी सांगते संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो, आणि मुलांना त्यांच्याच वहीत दिसतं की तो आधीच वाढायला लागलाय, २२ डिसेंबरलाच. कित्येक शतकांपूर्वी संक्रांत आणि सूर्याचं उत्तरेला वळणं एकाच सुमाराला यायचं, पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी हळू डुलतो म्हणून दोन्हीत अंतर पडत गेलं. आठ वर्षांच्या मुलीला डुलणारा भोवरा दाखवला की पुरे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात परत काठी लावा, नाशिकला एक दिवस असा येतो की सावली काठीच्या बुडाशी गडप होते.

संक्रांतीच्या काळ्या कपड्यांचं पण करा. सारख्या दोन बाटल्या, सारखं पाणी, एकीला काळं फडकं एकीला पांढरं, दोन तास उन्हात. हात लावूनच फरक कळतो.

मीठमिरची, मुंबई

संक्रांत म्हटली आणि हलवा कोणीच नाही सांगितला. काटेरी हलवा म्हणजे साखरेचे स्फटिकच. मंद आचेवर परातीत तीळ, वर चमचा-चमचा पाक आणि बोटांनी सतत फिरवणं. माझी आजी पहाटेच्या थंडीत करायला बसायची, काटा छान येतो म्हणायची. लहान मुलांना गरम परातीजवळ नाही बसवता येत, त्यांच्यासाठी दोऱ्यावरची खडीसाखर करा. एक वाटी पाण्यात अडीच-तीन वाट्या साखर उकळून विरघळवा, पूर्ण गार होऊ द्या, साखरेत घोळवून वाळवलेला दोरा बरणीत लोंबकळत सोडा आणि आठवडाभर बरणी हलवायची नाही. घाई असेल तर तुरटीचं करा, एका रात्रीत खडे दिसतात, फक्त ते खायचे नाहीत.

सानूची_आई, नाशिक

सुट्टीचे सहा दिवस झाले, सांगायचं खूप आहे. वाट्यांचा प्रयोग पहिल्याच दिवशी केला, मुलाचा अंदाज होता तूप थिजणार नाही कारण तूप देवाचं असतं, सकाळी त्यानं बोट घालून बघितलं आणि मग दोन दिवस घरातली प्रत्येक बाटली उलटी करून बघत होता. गोधडीच्या वेळी बिल्डिंगमधल्या पोरांचे दोन गट पडले आणि गोधडी उघडल्यावर जो ओरडा झाला त्यानं खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, त्याही थांबल्या आणि म्हणाल्या की अगं मी पण बाहेरचाच टिकेल म्हटलं असतं.

पण हिमकणांचं सांगते. पहिल्या दिवशी नाही जमलं, मी साधं बारीक मीठ दोन चमचे टाकलं होतं आणि बर्फाचे मोठे तुकडे तसेच ठेवले होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलं तसं नीट ठेचून, वाटीभर जाडं मीठ. डब्याचा खालचा भाग आधी धूसर झाला, मग ते धूसर हळूहळू पांढरं. पण थर फारच पातळ, आमची हवा कोरडी आहे म्हणून असेल. तेव्हा लेकीनं काय केलं, ती लांबून वाकली आणि डब्यावर तोंडानं हाऽ केलं, आपण चष्मा पुसताना करतो तसं. तिची वाफ तिथल्या तिथे गोठली. आम्ही सगळ्यांनी बघितलं, पांढरा ठिपका आणि कडेला बारीक सुया. मग प्रत्येकानं आळीपाळीनं हाऽ केलं आणि डबा पांढरा करून टाकला. चमच्याच्या टोकानं मी त्यावर सगळ्यांची नावं काढली.

आणि मग मुलगा म्हणतो, आई महाबळेश्वरला मीठ कोण टाकतं?

मी बाईंना विचारून सांगते म्हटलं. बाई, सांगा ना. तिथे तर तापमान पण शून्याच्या खाली गेलेलं पेपरात कधी दिसत नाही.

शाळेच्या_बाई, सांगली

तुझ्या मुलाला माझ्याकडून एक तिळाचा लाडू दे. इतका नेमका प्रश्न मला फार कमी वेळा कुणी विचारलाय.

मीठ कोणी टाकत नाही, आभाळ ऊब घेऊन जातं. दिवसा जमीन तापते आणि रात्री ती ऊब वर सोडून देते. ढग असले तर ते गोधडीचं काम करतात. ढग नाहीत, वारा नाही, अशी रात्र असली की गवताचं पातं, गाडीचं टप, स्ट्रॉबेरीची पानं आपली ऊब थेट आभाळाला देऊन टाकतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. पेपरात येतं ते हवेचं तापमान, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर मोजलेलं. खाली गवतावर त्याच वेळी शून्य गाठलेलं असू शकतं.

आपल्या देशात पूर्वी याच युक्तीनं बर्फ तयार करायचे, हे मुलांना सांग. अलाहाबादकडे आणि कलकत्त्याकडे थंडीच्या दिवसांत खड्ड्यात उसाची, मक्याची वाळकी ताटं अंथरून त्यावर मातीच्या उथळ पसरट भांड्यांत पाणी ठेवायचे आणि सूर्य उगवायच्या आत त्यावरचा बर्फ गोळा करायचे. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १७७५ साली ते लिहून ठेवलंय. वीज नाही, यंत्र नाही. खालच्या ताटांमुळे जमिनीची ऊब भांड्याला लागत नाही आणि वरून भांडं आभाळाला उघडं.

तुला हे गच्चीवर दाखवता येईल. दोन सारख्या स्टीलच्या ताटल्या घे. एक उघड्यावर ठेव, दुसरी तिथेच शेजारी स्टुलाखाली. दोन्हींच्या खाली जाड पुठ्ठा किंवा थर्माकोल घाल. रात्री जेवण झाल्यावर ठेवायच्या आणि ऊन यायच्या आत बघायच्या. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तीच रात्र निवड.

निखिल_डोंबिवली

बाई, स्टुलाखालच्या ताटलीला काय होतं?

शाळेच्या_बाई, सांगली

ते सानूची आई सांगेल, तू पण अंदाज बांध.

सानूची_आई, नाशिक

काल रात्री ठेवल्या. परवा वारा होता म्हणून बाईंनी सांगितल्याप्रमाणे थांबलो. मुलानं स्टुलाखालच्या ताटलीवर पैज लावली होती, कारण तिथे अंधार असतो म्हणून जास्त गार. लेक म्हणाली उघडी.

सकाळी सव्वासहाला तिघं स्वेटर-कानटोप्या घालून वर गेलो. उघडी ताटली पूर्ण ओली, बारीक बारीक थेंब, बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. स्टुलाखालची कोरडी. आणि स्टुलाच्या वरच्या फळीवर पण दव होतं, ते मी बघितलंच नव्हतं, मुलानं दाखवलं. तो स्टुलाकडे बराच वेळ बघत होता आणि मग म्हणाला, आई, स्टुलानं ताटलीवर गोधडी घातली.

आज रात्री त्याला पाच ताटल्या हव्यात, एक झाडाच्या कुंडीखाली, एक छत्रीखाली, आणि एक बाबांच्या गाडीखाली. ताटल्या चारच आहेत, खालच्या काकूंकडून एक आणायला तो गेलाय.